साठीनंतर पुणे ते बंगळूरू: नातवंडांकडे दुचाकीने जाताना

आजोबा मोटारसायकलने बंगळूरूला निघणार म्हटले की घरचे पहिले बोट वयावर ठेवतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा लायसन्सची मुदत तपासावी, कारण पंचावन्नाव्या वर्षानंतर ते एका वेळी ५ वर्षांपुरतेच नूतनीकृत होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्रही लागते. विमा आणि पीयूसी पाहून घ्यावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असली, तरी समोरच्या दिव्यांचा त्रास होतो का हे रात्री शहरातच आजमावून पाहावे.

राष्ट्रीय महामार्ग ४८ ने हे अंतर सुमारे ८४० किलोमीटर भरते. तरुण मुले ते एका दिवसात कापल्याचे अभिमानाने सांगतात; त्यांचे कौतुक करावे आणि आपण तीन दिवस घ्यावेत. पहिला मुक्काम बेळगाव, दुसरा चित्रदुर्ग असा ठेवला, तर पहिले दोन टप्पे तीनशे ते साडेतीनशे किलोमीटरचे पडतात आणि तिसऱ्या दिवसासाठी जेमतेम दोनशे उरतात. पहाटेच्या काळोखात निघण्याचा हट्ट धरू नये. उजाडल्यावर निघून दिवस मावळण्याआधी खोलीवर पोहोचावे, विशेषतः हिवाळ्यात, कारण तेव्हा सातारा-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात उसाचा हंगाम ऐन भरात असतो. ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्यांना पुष्कळदा मागचा दिवा नसतो, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, आणि संधिप्रकाशात तो करडा ढीग रस्त्याच्या रंगात असा मिसळतो की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही.

वयस्कर चालकांची खरी अडचण गुडघे किंवा पाठ नसून लघवी ही आहे, आणि तिच्याविषयी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. वारंवार थांबावे लागू नये म्हणून पुष्कळजण पाणीच कमी पितात. मग दुपारी डोके जड होते आणि लक्ष उडते. त्यापेक्षा तासाभराने पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर थांबावे, हेल्मेट काढून चार पावले चालावे, पाणी प्यावे आणि निघावे. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी असेल, तर प्रवासाच्या दिवसांत ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना आधी विचारावे, पण मनाने बंद करू नये. मधुमेह असणाऱ्यांनी साखर किंवा ग्लुकोज जॅकेटच्या खिशात ठेवावे आणि इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या बॅगेत ठेवू नये.

गाडीची तयारी आठवडाभर आधी उरकावी, म्हणजे नवे ब्रेक पॅड शहरातच बसतात. टायरमधील हवा टायर थंड असताना तपासावी. नातवंडांचे लाडू, लोणचे असले वजनदार सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखे बांधावे. मागे उंच रचलेले गाठोडे आडव्या वाऱ्यात हँडल हलके करते, आणि चित्रदुर्गच्या टेकड्यांवरील पवनचक्क्या तेथे वारा किती असतो हे सांगतातच.

घरच्यांना दर थांब्यावर एक निरोप पाठवावा, मात्र चालत्या गाडीवर फोन घेणार नाही हे आधीच बजावावे. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आणीबाणीत ११२ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत. तिसऱ्या दिवशी तुमकूर सकाळीच ओलांडावे, कारण पुढे बंगळूरूची गर्दी सुरू होते. मुलगा नेलमंगलापर्यंत सामोरा यायला तयार असेल, तर मानापमान न मानता होकार द्यावा आणि शेवटचे अंतर त्याच्या गाडीमागून कापावे.