व्हिनेगरचा ज्वालामुखी आणि पांडवलेणीचा डोंगर

शाळेतल्या मुलांना पहिल्यांदा ज्वालामुखी शिकवायला गेलो, तेव्हा सगळे करतात तेच मीही केलं. मातीचा शंकू, आत खायचा सोडा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस उसळला, टाळ्या पडल्या. मग एका मुलीने खिडकीतून नाशिकच्या पांडवलेणीच्या डोंगराकडे बोट दाखवलं, "सर, त्याचं तोंड कुठंय?"

तिथे मी अडकलो. आपल्याकडच्या डोंगरांना तोंड नाहीच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात काळं रान भेगाळतं तशा जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा बाहेर येऊन पसरत गेला. एक थर थिजला, त्यावर दुसरा, मग तिसरा. आज उरलेलं हे लाव्हाचं पठार जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर आहे. 'ज्वालामुखी' या शब्दातच मुख असल्यामुळे मुलं ते शोधत बसतात, त्यात त्यांची काय चूक?

पुढच्या वेळी सोडा-व्हिनेगर घरीच ठेवलं आणि चिक्कीचा पाक केला. (गरम पाक मोठ्यांनीच ओतायचा, मुलांनी लांबून बघायचं.) ताटात एक थर ओतला, थिजू दिला, वर दुसरा ओतला. थराच्या वरच्या बाजूला बुडबुडे अडकलेले दिसतात. लाव्हातही वायूचे बुडबुडे असेच अडकतात, म्हणून आपला काळा दगड कुठे घट्ट तर कुठे जाळीदार. चार थर झाल्यावर मुलांना चमचे दिले आणि कडेकडेने खरवडायला सांगितलं. मध्ये जो उंचवटा उरला तो डोंगर. तो खालून वर आलेला नाही, भोवतालचं खरवडून गेलं म्हणून उंच दिसतोय. माझ्या मते सह्याद्री समजायला एवढं पुरतं. बागलाणातला 1567 मीटरचा साल्हेर असाच उरलेला आहे, फक्त तिथे चमचा ऊन, पाऊस आणि नद्यांचा होता.

पाकानंतरच बाहेर पडा. पावसाळा संपताना त्र्यंबकच्या रस्त्याने ब्रह्मगिरीकडे पाहिलं की उभा कडा, मग गवताळ उतार, परत कडा, अशा पायऱ्या दिसतात. घट्ट थराचा कडा होतो, झिजायला सोप्या थराचा उतार. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात ते पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून. मुलांना फोटो काढू देऊ नका, पेन्सिलीने पायऱ्या काढायला लावा. पांडवलेणीलाही जरूर न्या, पण हातोडी पिशवीतसुद्धा नको. ते संरक्षित स्मारक आहे. तिथे दगड फोडायचा नाही, दोन हजार वर्षांपूर्वी तो कुणी कसा कोरला ते बघायचं.

6.6 कोटी हा आकडा फळ्यावर लिहून काहीच होत नाही. आमच्याकडे सिंहस्थ कामाला येतो. बारा वर्षांनी एक या हिशेबाने मागे जायचं, तर 55 लाख सिंहस्थ. हा भागाकार मुलांकडूनच करून घ्या, उत्तर आल्यावर वर्ग गप्प होतो.

आता माझी एक फजिती. दिंडोरीकडच्या एका मुलाने विहिरीच्या खोदकामात सापडलेला पांढरा चकचकीत खडा आणला. मी ऐटीत सांगून टाकलं, "क्वार्ट्झ!" घरी येऊन चाकूने ओरखडा काढला तर चरा उमटला. क्वार्ट्झवर चाकूचा चरा पडत नाही. आम्लाचा थेंब टाकला, फसफसला नाही, म्हणजे कॅल्साइटही नाही. तो झिओलाइट नावाच्या खनिजांच्या कुळातला निघाला. त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर गरम पाणी झिरपलं आणि त्यातून असे स्फटिक वाढले. आपण सगळ्यालाच सरसकट गारगोटी म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. पुढच्या आठवड्यात त्या मुलासमोर चूक कबूल केली. तेव्हापासून तो प्रत्येक दगड चाकूने तपासतो, माझ्यावर विश्वास ठेवत नाही. उत्तम स्फटिक बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा.

सामान फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, चाकू, वही. हातोडी नंतर.

दहावी-बारावीची मुलं "यात पुढे काय?" विचारतात. बारावी विज्ञान, मग भूशास्त्रात बीएस्सी, एमएस्सीसाठी आयआयटींची जॅम परीक्षा, सरकारी नोकरीसाठी यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा. खाणी आहेत, बोगदे आहेत, धरणं आहेत, भूजलाचं काम आहे. उन्हात तंगडतोड करायची तयारी मात्र हवी. आणि नातेवाइकांना तोंड द्यायचीही. माझी मावशी आजही विचारते, "एवढं शिकलास, मग बोअर कुठे घ्यायची ते तरी सांग." मी जाळीदार थर, भेगा वगैरे समजावू लागलो की ती नारळवाल्या पाणाड्याला फोन लावते.

ती तोंड शोधणारी मुलगी आता आठवीत आहे. परवा तिने विचारलं, "लाव्हा आला तेव्हा नाशिक इथंच होतं का?" नव्हतं. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आणि हा लाव्हा ज्या तप्त स्रोतातून आला तो आज रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. तिने नकाशावर नाशिकपासून मॉरिशसशेजारच्या त्या ठिपक्यापर्यंत पट्टी ठेवली. पट्टी पुरली नाही, म्हणून शेजारच्याची मागून घेतली.