व्यवसायाची मूलतत्त्वे पाठ्यपुस्तकातून शिकताना या चुका टाळा

व्यवसायाची ओळख करून देणारे प्राथमिक पाठ्यपुस्तक हाती घेणारे बहुतेक वाचक ते शेवटपर्यंत वाचतात, व्याख्या नीट लक्षात ठेवतात आणि तरीही एका साध्या प्रश्नापाशी अडखळतात: ज्या व्यवसायाला दर महिन्याला नफा होत आहे, त्याच्याकडे पगार देण्यापुरतेही पैसे का उरू नयेत? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात असते, पण ते एका जागी नसते. त्याचा काही भाग हिशेबाच्या प्रकरणात, काही वित्तव्यवस्थापनाच्या प्रकरणात आणि काही विपणनाच्या प्रकरणात विखुरलेला असतो. अडचण वाचकाच्या बुद्धीत नसून वाचण्याच्या पद्धतीत असते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येते.

प्रकरणे सुटी सुटी वाचणे

मालकीचे प्रकार, व्यवस्थापन, उत्पादन, विपणन, मनुष्यबळ, हिशेब आणि वित्त असा क्रम लेखक शिकवण्याच्या सोयीसाठी लावतो. प्रत्यक्षात एकच निर्णय या सगळ्या प्रकरणांतून एकाच वेळी फिरत असतो. ग्राहकांना ३० दिवसांऐवजी ६० दिवसांची उधारी द्यायची असे ठरले, तर विपणनाच्या दृष्टीने विक्री वाढण्याची शक्यता निर्माण होते, वित्ताच्या दृष्टीने खेळते भांडवल, म्हणजे रोजच्या कामकाजात अडकून राहणारा पैसा, अधिक लागते, हिशेबाच्या दृष्टीने बुडीत कर्जाची तरतूद वाढवावी लागते आणि उत्पादन विभागाला जास्त कच्चा माल आधीच मागवून ठेवावा लागतो.

यावर उपाय असा की पहिल्या प्रकरणापासूनच एक काल्पनिक व्यवसाय मनाशी ठरवावा आणि प्रत्येक प्रकरणातील नवी कल्पना त्याच व्यवसायाला लावून पाहावी. लाकडी खुर्च्या बनवणारा छोटा कारखाना या कामाला पुरेसा आहे. पुस्तकातील उदाहरणे प्रत्येक प्रकरणात बदलत असल्यामुळे जो धागा तुटतो, तो या एका सवयीने जोडलेला राहतो. पुढचे हिशेब मी याच कारखान्यावर मांडले आहेत.

नफा आणि रोख एकच समजणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि पुस्तकात या विषयाला जेवढी पाने दिलेली असतात त्याहून कितीतरी अधिक वेळ वाचकाने त्याला द्यावा.

एका खुर्चीचा उत्पादनखर्च ६० आणि विक्री किंमत १०० आहे असे धरू. बनवण्याचा खर्च त्याच महिन्यात रोख द्यावा लागतो आणि ग्राहक मात्र दोन महिन्यांनी पैसे देतात. इतर खर्च तूर्त बाजूला ठेवू. पहिल्या महिन्यात १०० खुर्च्या विकल्या, तर नफा ४,००० होतो, पण रोख ६,००० बाहेर जाते आणि काहीच आत येत नाही. दुसऱ्या महिन्यात मागणी वाढून १५० खुर्च्या विकल्या जातात. एकूण नफा आता १०,००० आणि रोख तूट १५,०००. तिसऱ्या महिन्यात २०० खुर्च्या विकल्या जातात, त्यांच्यासाठी १२,००० द्यावे लागतात आणि पहिल्या महिन्याचे १०,००० वसूल होतात. तीन महिन्यांचा एकूण नफा १८,०००, आणि रोख तूट १७,०००. या काळात कोणीही चूक केलेली नाही, एकही ग्राहक बुडवून गेलेला नाही आणि प्रत्येक खुर्चीवर भरपूर नफा आहे. तरीही १७,००० ची आगाऊ सोय नसेल, तर हा कारखाना वाढीच्या भरातच बंद पडेल. चौथ्या महिन्यात विक्री २०० वरच स्थिर राहिली, तर दुसऱ्या महिन्याचे १५,००० येतात, १२,००० जातात आणि तूट प्रथमच कमी होऊ लागते.

हे गणित वाचून सोडून देऊ नये. कोऱ्या कागदावर ते स्वतः मांडावे, मग उधारीचा काळ एक महिना करून पाहावा, त्यानंतर कच्च्या मालाचा पुरवठादारही एक महिन्याची उधारी देतो असे धरून पाहावे. तूट कशी बदलते हे डोळ्यांनी दिसले की खेळते भांडवल म्हणजे नेमके काय, ही व्याख्या वेगळी पाठ करावी लागत नाही.

याच मुळातून तीन छोटे गोंधळ उगवतात. पहिला घसाऱ्याचा, म्हणजे यंत्राची किंमत त्याच्या वापराच्या वर्षांत खर्च म्हणून वाटून लिहिण्याचा: ५०,००० चे यंत्र पाच वर्षे समान हप्त्यांनी घसारले आणि अखेरचे मूल्य शून्य धरले, तर नफा-तोटा पत्रकात दरवर्षी १०,००० खर्च दिसतो, पण यंत्राची किंमत रोखीने चुकती केली असेल तर रोख पहिल्याच दिवशी गेलेली असते. दुसरा कर्जाचा: मुद्दलाची परतफेड रोख कमी करते, नफा नाही, व्याज मात्र दोन्ही कमी करते. तिसरा भांडवलाचा: मालकाने घातलेले पैसे रोख वाढवतात, पण ते उत्पन्न नव्हे. प्रत्येक व्यवहारापुढे ‘नफ्यावर परिणाम’ आणि ‘रोखीवर परिणाम’ असे दोन रकाने करून भरले, तर हे तिन्ही गोंधळ एका बैठकीत सुटतात.

नावे आणि जमा पाठ करणे

लुका पॅचिओली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार एका खात्यात नावे आणि दुसऱ्यात जमा लिहिण्याच्या पद्धतीचे, विवेचन केले. ही पद्धत त्याने शोधली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासून वापरत होते आणि त्याने ती व्यवस्थित लिहून काढली. तिचा पाया एक समीकरण आहे: मालमत्ता म्हणजे देणी अधिक मालकाचे भांडवल. जो वाचक हे समीकरण बाजूला ठेवून ‘काय नावे, काय जमा’ याचे नियम पाठ करतो, तो पहिल्या अनोळखी व्यवहारापाशी अडतो.

नेहमीचा अडथळा बँकेच्या खातेउताऱ्याचा असतो. ग्राहकाने ठेवलेली रक्कम उताऱ्यात जमा दिसते, तर पुस्तक सांगते की मालमत्ता वाढली की ती नावे लिहावी. यात विसंगती नाही. उतारा बँकेच्या वहीतून आलेला असतो आणि ती ठेव बँकेसाठी देणे आहे. तोच व्यवहार ग्राहकाच्या वहीत नावे येतो. नोंद करण्यापूर्वी ‘ही वही कोणाची?’ असे विचारण्याची सवय लावावी.

आणखी एक गैरसमज असा की तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे. एखादा व्यवहार मुळीच लिहिला नसेल, यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खर्चात टाकली असेल किंवा दोन चुका एकमेकींना झाकत असतील, तरीही तेरीज जुळतेच.

टक्केवारी कशावर काढली हे न पाहणे

६० ला पडलेली खुर्ची १०० ला विकली, तर विक्री किमतीवर नफ्याचे प्रमाण ४० टक्के आहे आणि खर्चावर ते जवळपास ६७ टक्के आहे. ज्याला विक्रीवर ४० टक्के नफा हवा आहे, त्याने चुकून खर्चात ४० टक्के मिळवले, तर किंमत ८४ ठरते आणि प्रत्यक्ष प्रमाण २८.६ टक्क्यांवर येते. पुस्तकातील कोणतीही टक्केवारी वाचताना तिचा पाया कोणता हे समासात लिहून ठेवावे.

सवलतीच्या बाबतीत ही चूक अधिक घातक ठरते. १० टक्के सवलत म्हणजे नफ्यात १० टक्के घट, असे सहज वाटते. प्रत्यक्षात किंमत १०० वरून ९० झाली की प्रत्येक खुर्चीमागे उरणारी रक्कम ४० वरून ३० होते, म्हणजे ती एक चतुर्थांशाने घटते, आणि पूर्वीइतकीच एकूण रक्कम मिळवायला विक्री एक तृतीयांशाने वाढावी लागते. कारखान्याचा स्थिर खर्च, म्हणजे भाड्यासारखा, खुर्च्या कितीही बनल्या तरी द्यावा लागणारा खर्च, २०,००० असेल, तर ना नफा ना तोटा ही स्थिती सवलतीपूर्वी ५०० खुर्च्यांना आणि सवलतीनंतर ६६७ खुर्च्यांना येते. येथे एक सावधगिरी हवी: स्थिर खर्च हा उत्पादनाच्या ठरावीक मर्यादेतच स्थिर असतो. सध्याच्या जागेत ६०० खुर्च्याच बनत असतील, तर ६६७ चा आकडा गाठताना दुसरी जागा घ्यावी लागेल आणि मूळ गणितच बदलेल. पुस्तकात ना नफा ना तोटा दाखवणाऱ्या आलेखावरची सरळ रेषा पाहताना ही अट वाचकांच्या नजरेतून निसटते.

चौकटी भरल्या म्हणजे विश्लेषण झाले असे मानणे

जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेले विपणनाचे चार घटक, मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेली स्पर्धेची पाच बले, आंरी फायोल यांची १९१६ मधील व्यवस्थापनाची १४ तत्त्वे अशा याद्या परीक्षेला सोयीच्या असतात, आणि त्यामुळेच त्या उत्तर असल्यासारख्या वाचल्या जातात. त्या प्रश्नांच्या याद्या आहेत. पोर्टर यांची चौकट एखाद्या उद्योगात नफा टिकून राहणे सोपे की कठीण हे विचारते; एखादी विशिष्ट कंपनी चांगली चालली आहे का, हे ती सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या मानवी गरजांच्या श्रेणीसोबत छापला जाणारा प्रसिद्ध त्रिकोण त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात नाही, आणि वरची गरज जागी होण्यापूर्वी खालची पूर्ण भागलीच पाहिजे असेही त्यांचे म्हणणे नव्हते.

बलस्थाने, उणिवा, संधी आणि धोके यांच्या तक्त्यात सर्वांत जास्त चुका ‘संधी’च्या रकान्यात होतात. ‘नवे उत्पादन आणणे’ ही संधी नाही, तो निर्णय आहे. बाहेरच्या जगात काय बदलले म्हणून तो घ्यावासा वाटतो, ते त्या रकान्यात लिहायचे असते. लिहिलेली प्रत्येक ओळ खोडून पाहावी. ती खोडल्याने एकही निर्णय बदलत नसेल, तर ती तेथे नको.

तत्त्व आणि नियम यांत फरक न करणे

कराचे दर, नोंदणीच्या अटी आणि कायदेशीर मर्यादा या देशानुसार आणि वर्षानुसार बदलतात. शेवटी आलेला माल आधी विकला असे धरून साठ्याचे मूल्य ठरवण्याची पद्धत अमेरिकी हिशेबमानकांत चालते, पण आंतरराष्ट्रीय मानकांत तिला परवानगी नाही. पुस्तक कोणत्या देशाचे आणि कितव्या आवृत्तीचे आहे हे प्रथम पाहावे, आणि असे तपशील वापरण्यापूर्वी आपल्याकडच्या चालू नियमांशी ताडून घ्यावेत.

मर्यादित दायित्वाचे तत्त्व, म्हणजे कंपनीच्या देण्यांसाठी भागधारकाची जबाबदारी त्याने गुंतवलेल्या रकमेपुरतीच असते हे तत्त्व, मात्र नीट समजून घ्यावे. कंपनी ही तिच्या मालकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, हे इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये निकाल लागलेल्या सॉलोमन खटल्यात पक्के झाले. मर्यादा भागधारकाच्या जबाबदारीला असते, कंपनीच्या जबाबदारीला नाही, आणि छोट्या कंपनीला कर्ज देणाऱ्याने मालकाची वैयक्तिक हमी घेतली असेल, तर त्या कर्जापुरते हे संरक्षण उरत नाही.

केवळ पुन्हा वाचणे

ओळी रंगवणे आणि प्रकरण दुसऱ्यांदा वाचणे यांमुळे मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचे ते समजलेलेच असा भास होतो. सोडवलेले उदाहरण आले की उत्तर झाकून ते स्वतः सोडवावे, आणि चुकले तर चूक आकडेमोडीत होती की मांडणीत, हे वेगळे लिहावे. मांडणीतील चूक बहुधा आधीच्या एखाद्या प्रकरणाकडे बोट दाखवते, आणि अशा वेळी मागे जाणे हाच जवळचा मार्ग असतो. हिशेबाचे प्रकरण पुस्तकाच्या उत्तरार्धात असेल, तर ते विपणनाच्या आधीच वाचायला हरकत नाही.

त्यानंतर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यावा. असे अहवाल सार्वजनिकरीत्या उपलब्ध असतात. प्रथम रोख प्रवाह पत्रक उघडावे आणि कामकाजातून आलेली रोख निव्वळ नफ्याशेजारी लिहावी. त्या दोहोंतील फरक येणी, साठा, देणी, घसारा आणि इतर समायोजनांच्या नोंदींतून ओळ न ओळ जुळवून पाहावा, आणि जी ओळ उलगडत नाही तिचे नाव पुस्तकाच्या सूचीत शोधून तेच प्रकरण पुढे वाचायला घ्यावे.