जुन्या उत्सवी नाटकाची टेप ५.१ सराउंडमध्ये कशी बसवायची

आमच्या फोंडा महालात देवळाच्या उत्सवाला गावचीच माणसं संगीत नाटक करतात. दिवसा बँकेत नाहीतर कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करणारा माणूस रात्री शालू नेसून नाहीतर फेटा बांधून पायपेटीच्या सुरावर उभा राहतो आणि एकेक पद पंधरा-वीस मिनिटं चालतं. दीनानाथ मंगेशकर आणि अभिषेकीबुवा दोघंही इथल्या मंगेशीचे, त्यामुळे नाट्यसंगीत घराघरात असतंच. तर अशाच एका नाटकाचं १९७८ सालचं रेकॉर्डिंग मी गेल्या वर्षी ५.१ मध्ये (समोर तीन स्पीकर, मागे दोन आणि एक सब-वूफर) बसवलं आणि तेव्हापासून चार-पाच जणांनी विचारलं की कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सुरुवातीलाच एक ठरवून घ्या. सराउंड हातात आलं की पहिला मोह होतो तो पेटी डाव्या कानामागे आणि तबला उजव्या कानामागे टाकायचा, तसं अजिबात करू नका. आपण नाटकाला प्रेक्षकात बसलेलो आहोत. समोर रंगमंच, त्याला लागून खाली एका बाजूला पायपेटी आणि दुसऱ्या बाजूला तबला, आणि पाठीमागे अख्खं गाव बसलंय, कोणी खोकतंय, कुठे पोर रडतंय, चांगली तान आली की ‘वा’ म्हणतायत, आणि पद संपलं की वन्समोर. गायक पुढे, गाव मागे. मी प्रत्येक ठिकाणी अडलो की ह्यावरच परत येत होतो.

आता टेप. माझ्याकडे दोन होत्या, हे माझं नशीब. एक काकांनी विंगेत मशीन ठेवून स्पूलवर (उघड्या चकरीच्या टेपवर) घेतलेली, मोनो म्हणजे एकाच चॅनेलची, आणि दुसरी शेजारच्या घरातल्या एकाने गल्फमधून आणलेल्या कॅसेट रेकॉर्डरवर पार मागे बसून केलेली. दुसरी ऐकायला भिकार, गायक लांब, पण गाव सगळं त्यात. तुमच्याकडे एकच असली तरी काम होतं, पण आधी गावात विचारून बघा, कोणाच्या तरी माळ्यावर दुसरी असते.

गोव्याच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. स्पूलच्या कडेला पांढरी पावडर दिसली तर मशीनवर लावूच नका, बुरशी हेडला (मशीनच्या टेप वाचणाऱ्या भागाला) लागते आणि तिथून दुसऱ्या टेपलाही लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवून आधी कोरडी करा आणि मग हलक्या हाताने सुक्या मऊ कपड्याने पुसा, तोंडाला मास्क लावून. टेप उजेडासमोर धरून बघा, आरपार उजेड दिसला आणि व्हिनेगरसारखा वास आला तर ती जुनी ॲसिटेट टेप आहे, तिला उष्णता अजिबात देऊ नका. पॉलिस्टर टेप चिकट होऊन किरकिरत असेल तर ती मंद उष्णतेत तासन्‌तास तापवून वाचवतात, पण ते काम माहितगाराकडेच द्या, घरच्या ओव्हनमध्ये कोणी करू नये.

डिजिटल करताना २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर घ्या, काहीही साफ न करता. मी पहिल्यांदा टेप एका दुकानात दिली होती, त्यांनी एमपीथ्री दिली आणि वर हिस (टेपची सतत येणारी सूं) काढून दिली. ऐकलं तर पायपेटीच्या भात्याचा श्वासच गेलेला, स्वर नुसते चिकटवल्यासारखे. परत सगळं घरी केलं, ओळखीतून मिळालेल्या मशीनवर. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, मग ॲझिमथ लावायचा, म्हणजे हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू थोडा थोडा फिरवत तबल्याची चाट (कडेवरचा बोल) जिथे सगळ्यात टणक ऐकू येते तिथे थांबायचं. हे प्रत्येक टेपला वेगळं करावं लागतं. दहा मिनिटांचं काम आहे, आणि इथे हुकलेली वरची पट्टी नंतर कुठल्याही इक्वलायझरने परत येत नाही.

मग वेग. जुन्या मशीनचा वेग कधीच बरोबर नसतो. पुष्कळजण टेपवर आलेल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या घूंवरून वेग काढतात आणि ती युक्ती एरवी चांगली आहे, पण आमच्या उत्सवाला तेव्हा जनरेटर लावायचे, त्याचा भरवसा नाही. मी देवळाच्या कोठीतली पायपेटी गाठली, तीच पेटी अजून आहे, पाय मारून मारून काळी एक वाजवली आणि फोनवर रेकॉर्ड करून टेपशी लावली. पाच-सहा सूर तपासले, त्यातला एक उतरलेला निघाला तो सोडला, बाकी सगळे एकच सांगत होते की टेप जवळजवळ पाव स्वराने चढी वाजतेय. तेवढी उतरवली आणि गायकाचा आवाज एकदम वयात आला, इतका वेळ पोरगेला वाटत होता.

दोन्ही रेकॉर्डिंगं जुळवणं हे ह्यातलं सगळ्यात वेळखाऊ काम. दोन मशीनच्या वेगात अर्ध्या टक्क्याचा फरक असला तरी चार मिनिटांत सव्वा सेकंद घसरते, म्हणजे सुरुवात जुळवून सोडून दिलं तर अंतऱ्यापर्यंत तबला दोनदा वाजायला लागतो. मी रीपर नावाच्या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं, त्यात स्ट्रेच मार्कर असतात, त्यांनी ट्रॅक हवा तिथे ताणता-आवळता येतो. स्पूलला हात लावायचा नाही, ती म्हणजे आपलं घड्याळ. कॅसेटवर प्रत्येक समेला एक मार्कर, आणि वेव्हफॉर्म मोठा करून समेची चाट स्पूलच्या चाटेखाली ओढून आणायची. एका पदाला मला पूर्ण रविवार गेला. पण झाल्यावर पहिल्यांदा दोन्ही एकदम लावलं तेव्हा मागच्या स्पीकरमधून एका बाईने हळूच पदाची ओळ म्हटलेली ऐकू आली, गायकाच्या बरोबरीने, बहुतेक आपल्याच नादात. स्पूलमध्ये ती नव्हतीच. आमच्या आईने आवाजावरून तिला ओळखलं.

जुळवलेली कॅसेट मग मुद्दाम थोडी उशिरा करायची. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे बारा मीटर मागे बसलेल्याला तो ३५ मिलिसेकंदांनी पोचतो. मी आधी तेवढाच उशीर ठेवला होता, तर चाट दुहेरी वाजायला लागली. २० वर आणलं तेव्हा बसलं. अजिबात उशीर ठेवला नाही तर गायक डोक्याच्या मागे सरकतो, थोडा ठेवला की कान पहिल्या आलेल्या आवाजालाच धरतो आणि गायक समोर राहतो. एकच टेप असणाऱ्यांनी तिचीच प्रत मागे टाकायची, पण ती कोरडी नको, उशिराने, मंडपाच्या गुंजेतून (आवाज मागे रेंगाळतो ती, कशी मिळवायची ते पुढे सांगतो) काढून आणि ७-८ किलोहर्ट्झच्या वरचं कापून, नाहीतर हिस चारी बाजूंनी पावसासारखी पडते.

पुढच्या तीन स्पीकरसाठी स्पूल फोडावी लागते. डीमक्स म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, ते गाण्याचे चार भाग करतं, गायकाचा आवाज, ड्रम, बेस आणि बाकीचं. ते पाश्चात्य गाण्यांवर शिकलेलं, त्याला तबला-पेटी माहीत नाही, त्यामुळे डग्गा बेसमध्ये जातो, तबल्याची चाट ड्रममध्ये, आणि पायपेटी गायकाच्या मागोमाग तेच स्वर वाजवत असते म्हणून अर्धी आवाजातच चिकटून येते. घाबरायचं नाही. हे चार भाग एकमेकांपासून लांब नेले की फाटलेल्या कडा ऐकू येतात, जवळ ठेवले की एकमेकांना झाकतात. म्हणून आवाज मधल्या स्पीकरला, त्यातला थोडा डाव्या-उजव्यालाही, पेटीचा भाग मध्यापासून जरा डावीकडे, डग्गा आणि चाट दोन्ही एकत्र जरा उजवीकडे. बस. सब-वूफरच्या चॅनेलला मी काहीच दिलं नाही, तो चॅनेल सिनेमातल्या धडाक्यांसाठी असतो, डग्ग्याचा घुमारा रिसीव्हर (होम थिएटरचा ॲम्प्लिफायर) आपोआप सब-वूफरला पाठवतो.

गुंज कुठली घ्यायची ह्यावर माझं मत ठाम आहे, सॉफ्टवेअरमध्ये आयत्या मिळणाऱ्या मोठ्या हॉलच्या किंवा चर्चच्या गुंजा वापरू नका. जुन्या गोव्याच्या इगर्जीत आवाज किती वेळ तरंगतो ते आपल्याला माहीत आहे, आणि आमच्या सभामंडपाला चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, बाजू मोकळ्या, तिथे आवाज उमटतो आणि लगेच बाहेर जातो. देवस्थान कमिटीला विचारून दुपारची पूजा झाल्यावर मी मंडपात गेलो, जिथे रंगमंच बांधतात तिथे भाच्याला फुगा घेऊन उभा केला आणि प्रेक्षक बसतात तिथे रेकॉर्डर ठेवला. पाच फुगे फोडले, सगळ्यात स्वच्छ आलेला ठेवला, आणि तो कन्व्होल्यूशन रिव्हर्बमध्ये (एखाद्या जागेची गुंज आवाजाला चढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) घातला. तीच जागा, तीच गुंज. पंखे आणि माइक सिस्टीम बंद करायला विसरू नका.

स्पीकर मांडताना मधला समोर, डावा-उजवा मध्यापासून ३० अंशांवर आणि मागचे दोन साधारण ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, पाठीच्या भिंतीला नकोत. सगळे कानाच्या उंचीवर. पिंक नॉइज (चाचणीचा खसखसणारा आवाज) लावून फोनच्या ॲपने पाचही एकसारखे करा, फोन खरा आकडा दाखवत नसला तरी तुलनेला पुरतो. लॅपटॉपची एचडीएमआय वायर सरळ रिसीव्हरला लावली की सहा चॅनेल जातात, वेगळं साउंडकार्ड नसलं तरी चालतं.

मिक्स करताना मागचे स्पीकर इतके ठेवा की ते चालू असताना लक्षात येऊ नयेत आणि बंद केल्यावर भिंत पुढे आल्यासारखी वाटावी. पद संपताना मात्र मी मागचं हाताने वर नेलं, वन्समोर पाठीमागून नीट आदळायला पाहिजे. तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवर हा वन्समोर कधी मिळतच नाही, तो प्रयोगाच्या टेपवरच असतो, त्याला कापू नका. खोकलेही ठेवा. साफसफाई फक्त टकटक आणि घूं एवढीच. ओळ सुरू व्हायच्या आधी तीच ओळ पुसट ऐकू येते ना, तो टेपच्या एका वेढ्याचा ठसा दुसऱ्यावर उमटल्यामुळे येतो, तो फक्त जिथे पूर्ण शांतता आहे तिथे काढा.

शेवटी सगळं दोन स्पीकरवर उतरवून ऐकाच, कारण गावातले निम्मे लोक टीव्हीवर नाहीतर फोनवरच ऐकणार. मधला आणि मागचे ३ डेसिबलने खाली घेऊन डाव्या-उजव्यात मिसळतात. तेव्हा गायक नळीतून गायल्यासारखा वाटला तर मागच्या ट्रॅकमध्ये त्याचाच आवाज जास्त आहे, तिथे डीमक्सने कॅसेटमधला गायकाचा आवाज थोडा कमी करा. पण ती बाई वाचवा. माझ्या मिक्समधून तिचा आवाज तिथेच गेला होता, मग तेवढ्या ओळीपुरती मूळ कॅसेट परत टाकली.

फाइल सहा चॅनेलची फ्लॅक (आवाजातलं काही न गमावणारा प्रकार) करा, क्रम डावा, उजवा, मधला, सब-वूफर, मागचा डावा, मागचा उजवा. पेनड्राइव्हवर देताना एसीथ्री (डॉल्बी डिजिटल) ६४० केबीपीएसची प्रतही ठेवा, पुष्कळ होम थिएटर सिस्टीम फ्लॅक घेत नाहीत. बाहेर कुठे टाकायचं असेल तर आधी हक्क बघा, आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाला ६० वर्षं संरक्षण आहे आणि पदं लिहिणाऱ्याचे, चाली देणाऱ्याचे हक्क वेगळे, त्यांच्या पश्चात ६० वर्षं. आमच्या गायकाच्या मुलीला मी आधी घरी बोलावून ऐकवलं आणि तिने हो म्हटल्यावरच गावात वाटलं.

आणि न साफ केलेली पहिली फाइल दोन हार्डडिस्कवर वेगवेगळ्या घरात ठेवा. स्पूल परत गुंडाळताना शेवट बाहेर राहील अशी ठेवा, म्हणजे तो वेढ्याचा ठसा आवाजाच्या आधी न येता नंतर येतो आणि गुंजेत झाकला जातो.