मानेमागचा ठोसा आणि माझी भरपाई

मराठीत पंच म्हणजे ठोसाही आणि तो तपासणारा माणूसही. बॉक्सिंगची रेफरी-जजची परीक्षा पास होऊन पहिल्यांदा पांढरा शर्ट घालून रिंगमध्ये चढले, तेव्हा या विनोदावर मी मनापासून हसले होते. महिनाभरात हसू आटलं.

तुम्ही नव्याने पंच होताय, नियम तुम्हाला पाठ असतीलच. पट्ट्याखाली म्हणजे कमरेखाली, मानेमागे, मूत्रपिंडावर, उघड्या ग्लोव्हने, 'ब्रेक' म्हणजे सुटे व्हा म्हटल्यावर पाऊल मागे न घेता मारलं की फाउल. आधी कॉशन म्हणजे नुसती ताकीद, मग गुण कापणारी वॉर्निंग, तिसऱ्या वॉर्निंगला खेळाडू बाद. लेखी पेपर एवढ्यावर निघतो. पण जो फाउल दिसलाच नाही, तो ओळखणार कसा?

माझं असं झालं. जिल्ह्याची स्पर्धा, हलका वजनगट, पोरं जेमतेम पंधरा-सोळा वर्षांची. दुसऱ्या राउंडला लाल आणि निळ्या कॉर्नरची पोरं एकमेकांना बिलगली आणि मी लालच्या पाठीमागे अडकले. मला दिसत होती त्याची पाठ आणि वरखाली होणारं कोपर. निळ्याच्या कॉर्नरमधून ओरड आली, "ओ मॅडम, मानेवर मारतोय!" कॉर्नरवाले ओरडतातच, म्हणून मी नुसता ब्रेक दिला. राउंड संपल्यावर निळा स्टुलावर बसून मान चोळत होता. माझ्या पोटात खड्डा पडला.

आता खरी चूक सांगते. तिसऱ्या राउंडला लालने डावा हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, सोडला. तो हात निघाला तेव्हा निळ्याचं तोंड समोर होतं. हात पोहोचेपर्यंत निळा खाली वाकून वळला आणि ठोसा मानेमागे बसला. मी तडक 'स्टॉप' म्हटलं, लालला वॉर्निंग दिली, पाचही जजना इशारा केला. लाल फक्त माझ्याकडे बघत राहिला. मॅडम, मी काय केलं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. वॉर्निंगला प्रत्येक जजच्या बेरजेतून एक गुण जातो. लालच्या बाजूचं 29-28 चं 28-28 होतं आणि मग जजला विजेता निवडावा लागतो. निकाल निळ्याच्या बाजूने गेला.

मागच्या राउंडचं कर्ज मी या राउंडमध्ये फेडलं होतं. भरपाई! हा एक शब्द डोक्यातून खरवडून काढा. हुकला तो फाउल हुकला. त्याची वसुली पुढच्या ठोशावर केलीत की एका चुकीच्या दोन होतात, आणि दुसरी तुम्ही जाणूनबुजून केलेली असते.

मानेमागच्या ठोशात एकच प्रश्न विचारायचा: हात निघाला तेव्हा डोकं कुठे होतं? समोर होतं आणि नंतर वळलं, तर मारणाऱ्याचा दोष नाही. उलट वाकणारा पट्ट्याच्या खाली डोकं नेत असेल तर फाउल त्याचाच. पण एका हाताने मान दाबून दुसऱ्याने मागे ठोकत असेल, तर गय नको. कॉशनची पायरी चढत बसायचीही गरज नाही, सरळ वॉर्निंग. ससा मारायला मानेवर फटका देत, त्यावरून याला रॅबिट पंच म्हणतात. नाव गमतीचं वाटतं. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सला प्रिचर्ड कोलोन हा व्यावसायिक बॉक्सर डोक्यामागे ठोसे बसताहेत अशी तक्रार करत होता. लढतीनंतर तो कोसळला आणि 221 दिवस कोमात होता. त्या लढतीत गुण दोघांचेही कापले गेले होते. ती लढत मी पुन्हा बघू शकत नाही, तुम्ही मात्र एकदा बघा.

जागेचं म्हणाल तर दोघांच्या मधली फट सतत दिसली पाहिजे. फट बंद झाली की तुम्ही चुकीच्या जागी आहात, हला. क्लिंचमध्ये, म्हणजे दोघं बिलगलेले असताना, ज्या बाजूचा हात मोकळा आहे तिकडे जा, कारण उपद्व्याप तोच हात करणार. आणि कानावर विसंबू नका. उघड्या ग्लोव्हची चापट सणसणीत वाजते, मानेमागचा ठोसा हेडगार्डवर मुका बसतो.

पट्ट्याखालच्या ठोशाचं फार सांगत नाही. पोरं चड्डी छातीपर्यंत ओढतात, ती बाउटच्या म्हणजे लढतीच्या आधीच खाली घ्यायला लावा, निम्मी भांडणं मिटतात.

काही सीनियर सांगतील, "शंका आली की कॉशन देऊन टाक, कॉशनला गुण जात नाही." अजिबात ऐकू नका. असं चिल्लरीसारखं वाटून टाकलेलं कॉशन पोराचा हात जड करतं, तो पुढचा ठोसा बिचकत मारतो. माझं मत कडवट वाटेल, पण चांगला गुरू तो, जो बाउटनंतर तुम्हाला कोपऱ्यात घेऊन विचारतो, "तेव्हा तू कुठे उभी होतीस?" मला असा एकच भेटला, तोही उशिरा. स्लो मोशनच्या क्लिपा बघून तयारी करणाऱ्यांचं मला हसू येतं. रिंगमध्ये स्लो मोशन कुठून आणणार?

घाबरू नका मात्र. पहिल्या वीस-पंचवीस बाउटमध्ये सगळ्यांचं काही ना काही हुकतं. 1996 साली मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये गोलोटा हा बॉक्सर रिडिक बो याच्यापेक्षा गुणांनी पुढे होता, तरी पट्ट्याखाली मारत राहिला म्हणून रेफरीने आधी गुण कापले आणि सातव्या राउंडला त्याला बाद केलं. त्यानंतर तिथे दंगल झाली. आपल्याकडे फार तर एखादा कोच दोन दिवस बोलत नाही.

सरावासाठी मी घरी हॉलमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून त्यांच्याभोवती फिरायचे, मधली फट न सोडता. सासूबाईंना वाटलं नवस बोललेय. आता एका खुर्चीच्या जागी नवरा उभा राहतो आणि मी मागे गेले की ओरडतो, "ओ मॅडम, दिसत नाहीये तुम्हाला!"