आल्प्सला फॅमिली घेऊन जाताय? डोंगराचा दिवस आधी ठरवू नका

आल्प्सचा प्लॅन करताना रोज नवीन गाव, नवीन हॉटेल असा मोह होतोच, पण सोबत आजी-आजोबा नि लहान पोरं असतील तर ते टाळाच, रोज सकाळी बॅगा भरण्यातच निम्मा दिवस जातो. सरळ स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला मुक्काम टाका आणि तिथून फिरा. गाव थुन आणि ब्रिएन्झ या दोन तलावांच्या मधोमध आहे, डोंगरावर जाणाऱ्या गाड्याही तिथूनच सुटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युंगफ्राउयोखला (ट्रेनने जाता येणारी बर्फाळ खिंड, ३४५४ मीटर) कुठल्या तारखेला जायचं ते घरूनच फिक्स करू नका. वर ढग असले की पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही आणि तिकीट चांगलंच महाग आहे. आदल्या संध्याकाळी फोरकास्ट आणि सीट बघून ठेवा, सकाळी उठल्या उठल्या वरचा लाइव्ह वेबकॅम बघा, ग्लेशियर स्वच्छ दिसला की लगेच निघा कारण उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमायला लागतात. दर हजार मीटरला साधारण सहा डिग्री तापमान उतरतं, म्हणजे खाली टी-शर्टमध्ये फिरत असलात तरी वर जाडजूड जॅकेट, टोपी लागणारच, आणि बर्फावर ऊन परावर्तित होतं म्हणून गॉगल नि सनस्क्रीन पोरांनाही. वर हवा विरळ असते, हळू चाला, सारखं पाणी प्या, कुणाचं डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर हट्ट न करता खाली उतरा. घरात कुणाला हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचाराच.

ढगाळ दिवस वाया जातो असं मात्र अजिबात नाही, तो तलावासाठी ठेवा. इंटरलाकेनला ओस्ट (पूर्व) आणि वेस्ट (पश्चिम) अशी दोन स्टेशनं आहेत, ब्रिएन्झची बोट ओस्टहून सुटते आणि थुनची वेस्टहून, हे नीट लक्षात ठेवा, नाहीतर पोरांना घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावपळ. ब्रिएन्झच्या बोटीतून गीसबाखला उतरा, तिथे धबधबा झाडीतून पायऱ्या-पायऱ्यांनी थेट तलावात येतो, आणि धक्क्यावरून वर जायला १८७९ पासूनची छोटी फ्युनिक्युलर (केबलने ओढली जाणारी डोंगररेल्वे) आहे त्यामुळे आजीलाही चढायचं टेन्शन नाही. तलावाचा तो दुधाळ हिरवा-निळा रंग येतो ग्लेशियरने दळलेल्या दगडाच्या बारीक भुकटीमुळे, ती पाण्यात तरंगत राहते. पोरांना हे बोटीच्या कठड्याशी उभं करून सांगा, मग बघा किती प्रश्न येतात!

इंटरलाकेनजवळच्या लाउटरब्रुनेन गावातला श्टाउबाख धबधबा तर जवळजवळ ३०० मीटरचा आहे आणि स्टेशनवरून आरामात चालत जाता येतं.

पासचं म्हणाल तर स्विस ट्रॅव्हल पासवर ट्रेन, बस आणि या दोन्ही तलावांच्या बोटी येतात, युंगफ्राउयोखच्या वरच्या टप्प्याला मात्र फक्त सवलत मिळते. ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी पास घेतानाच फॅमिली कार्ड मागा, ते फ्री असतं, फक्त आई किंवा वडील पास घेऊन सोबत पाहिजेत.