छोट्या लेथवर डिजिटल कॅलिपरचा रीडआउट

लेथच्या हँडलवरील डायल स्क्रू किती फिरला ते सांगतो, स्लाइड (टूल धरून सरकणारा भाग) किती सरकली ते नाही. स्क्रू आणि नट झिजून त्यांच्यात प्ले (मोकळीक) आला की दिशा बदलताना हँडल फिरते आणि टूल जागचे हलत नाही. डिचोली-फोंड्याकडच्या छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या लेथवर काम करणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. स्लाइडलाच डिजिटल कॅलिपर (पट्टीवर डिस्प्ले सरकवून लांबी मोजायचे साधन) जोडला तर स्लाइडचे प्रत्यक्ष सरकणे 0.01 मिमीच्या टप्प्यांत वाचता येते. प्ले मात्र त्यामुळे नाहीसा होत नाही, म्हणून शेवटचा काप नेहमी एकाच दिशेने येऊन घ्यावा.

सुरुवात टेलस्टॉकपासून (लेथच्या टोकाचा, ड्रिल धरणारा भाग) करणे शहाणपणाचे, कारण तेथे फक्त ड्रिलची खोली वाचायची असते आणि कापायला सोपा असा प्लास्टिकचा कॅलिपरही चालून जातो. क्रॉस स्लाइडसाठी (टूल जॉबकडे आडवे नेणारी स्लाइड) स्टीलचा 150 मिमीचा कॅलिपर घ्यावा. लेथच्या लांबीने सरकणाऱ्या कॅरेजला मात्र 300 मिमीचा लागेल.

लेथवर बसवताना कॅलिपरचे जॉ (वस्तू पकडणारे जबडे) नको असतात, म्हणून ते कापून टाकतात. स्टीलच्या कॅलिपरचे जॉ कापण्यापूर्वी पट्टीच्या टोकाचे छोटे स्क्रू काढून डिस्प्लेचा भाग पूर्ण बाहेर सरकवावा. पट्टी कडक केलेली असल्याने हॅकसॉ तिच्यावर घसरतो. ग्राइंडरची पातळ कटिंग डिस्क वापरावी आणि भोके पाडायची असल्यास कार्बाइड ड्रिल घ्यावे. पट्टीवर चिकटवलेली छापील स्केल उष्णतेने सुटू शकते, म्हणून थोडे कापून थांबावे आणि पट्टी हाताला सोसेल इतकीच गरम होऊ द्यावी.

खरी कसोटी बसवण्यात आहे. पट्टी स्लाइडच्या मार्गाला 100 मिमीत 1 मिमी तिरकी राहिली तर वाचनात जेमतेम 0.005 मिमीचा फरक पडतो, जो विसरण्याजोगा आहे. पण त्याच तिरकेपणामुळे डिस्प्लेचा भाग पट्टीवर अडकत चालतो, धक्क्याने पुढे जातो आणि आकडे भरवशाचे राहत नाहीत. म्हणून पट्टीचे एक टोक ॲल्युमिनियमच्या अँगलला बोल्टने पक्के करून दुसरे टोक खाचेत किंचित मोकळे ठेवावे. डिस्प्ले आणि स्लाइड यांना जोडणारी पट्टी सरकण्याच्या दिशेने ताठ, पण आडव्या दिशेने थोडी लवचिक असावी. जोडण्यापूर्वी डिस्प्ले बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहावा. कोठेही जड लागला तर अँगलखाली शिम (धातूची पातळ चकती) घालावी, जोर लावू नये. शेवटी स्लाइडला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे साधन) लावून पुढे आणि मागे दोन्ही दिशांनी वाचने ताडून पाहावीत. दिशा बदलताना फरक दिसला तर आधी जोडणीतला ढिलेपणा शोधावा, कॅलिपरला दोष नंतर द्यावा.

क्रॉस स्लाइडवरचा आकडा त्रिज्येचा असतो: डिस्प्लेवर 0.50 सरकले की जॉबचा व्यास 1.00 मिमीने कमी होतो. स्वस्त कॅलिपरमध्ये 0.02 ते 0.03 मिमीची चूक गृहीतच धरावी. व्यासात ती दुप्पट होते. म्हणून एक हलका काप घेऊन मायक्रोमीटरने व्यास मोजावा, तेथे शून्य करावे आणि पुढची उरलेली थोडीशी कपात रीडआउटवर वाचावी. बेअरिंगसारखी घट्ट फिट हवी असेल तर शेवटचा शब्द मायक्रोमीटरचाच.

हा कॅलिपर विद्युत धारकतेवर (कपॅसिटन्सवर) चालतो, त्यामुळे पट्टीवर कुलंटचा (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) किंवा दमटपणाचा थर बसला की आकडे उड्या मारू लागतात. गोव्यात जून ते सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते, आणि किनाऱ्याजवळ ती खारीही असते. त्यामुळे पट्टीवर ॲल्युमिनियमचे लांब छत घालावे, पट्टी कोरड्या कापडाने पुसत राहावी आणि डेटा पोर्टचे झाकण बंद ठेवावे, नाहीतर धातूचा कीस तेथे शॉर्ट करतो. बाहेरून वीज द्यायची असल्यास आधी मल्टिमीटरने तपासावे, कारण बऱ्याच स्वस्त कॅलिपरमध्ये सेलचा धन टोक धातूच्या अंगाला, म्हणजे पर्यायाने लेथलाच जोडलेला असतो. सेलवरच चालवायचा असेल तर एलआर 44 (अल्कलाइन बटण सेल) ऐवजी एसआर 44 (सिल्व्हर ऑक्साइड सेल) घ्यावा. डिस्प्ले बंद असतानाही असे कॅलिपर थोडी वीज खातच राहतात, म्हणून लेथ काही आठवडे वापरणार नसाल तर सेल काढून ठेवावा.