फुकट दिलेली फाइल कोणाच्या हाती पडते?

'सुरुवातीला थोडं फुकट काम कर, ओळख वाढेल' हा सल्ला नव्या डिझायनरला हमखास मिळतो. त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक म्हणजे कुणाचं तरी काम पैसे न घेता करून देणं. दुसरी म्हणजे आयकॉनचा संच, टेम्प्लेट, मॉकअप (डिझाइन प्रत्यक्षात कसं दिसेल ते दाखवणारं चित्र) अशी एखादी तयार फाइल सगळ्यांसाठी मोकळी सोडणं. पहिल्यात तुमचे तास जातात आणि ते एकाच माणसाच्या कामी येतात. दुसऱ्यात तास एकदाच जातात. मग ती फाइल दहा जणांनी घेतली काय नि दहा हजारांनी घेतली काय, तुमचा खर्च तेवढाच राहतो. पैसे देणारी गिऱ्हाइकं यावीत म्हणून फुकट द्यायचं असेल, तर हे दुसऱ्या प्रकारचं द्या.

अनस्प्लॅश ही मोफत फोटोंची साइट बहुतेक डिझायनर वापरतात. तिची सुरुवात २०१३ साली अशाच एका प्रयत्नातून झाली. क्रू नावाची एक लहान कंपनी होती. ज्यांना वेबसाइट किंवा ॲप करून हवं असेल, त्यांची डिझायनर-डेव्हलपरांशी गाठ घालून देणं हा तिचा धंदा. स्वतःच्या साइटसाठी काढून घेतलेल्या फोटोंमधले उरलेले १० फोटो त्यांनी टम्बलर या ब्लॉगच्या साइटवरच्या एका साध्या पानावर टाकले, कसेही वापरा म्हणून सांगितलं आणि तिथून आपल्या कंपनीकडे जायची वाट ठेवली. ज्याला असे फोटो लागतात तो वेबसाइट करण्याच्या खटपटीत असतो, आणि वेबसाइट करणाराच क्रूचं गिऱ्हाईक. हे जुळल्यामुळे त्या पानावरून क्रूकडे लोक येत राहिले. पुढे अनस्प्लॅशच इतकी वाढली की ती स्वतंत्र कंपनी झाली. २०१७मध्ये डिझायनरांची साइट ड्रिबलने क्रू विकत घेतली आणि २०२१मध्ये फोटो विकणाऱ्या गेटी इमेजेसने अनस्प्लॅश.

यातली नेमकी गोम धरून ठेवा: फुकटची वस्तू आणि विकायचं काम, दोन्ही एकाच माणसाला लागत होतं. नवखे लोक चुकतात ते इथेच. ते १०० आयकॉनचा सुंदर संच करतात, हजारो जण तो उतरवून घेतात, कौतुकही होतं, पण काम एकही येत नाही. कारण उघड आहे. आयकॉनचे संच शोधतात ते मुख्यतः दुसरे डिझायनर, आणि डिझायनर डिझायनरला क्वचितच काम देतो. आयकॉन काढून देणं हाच तुमचा धंदा असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून फाइल उघडण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. मला पैसे कोण देणार? त्याच्याकडे हे काम नेमकं कोणाच्या हातात असतं? त्या माणसाचं कुठलं काम या आठवड्यात अडलेलं असू शकतं? तिसऱ्या ओळीचं उत्तर म्हणजे तुमची फुकटची फाइल.

एक उदाहरण घेऊ

समजा तुम्हाला लहान सॉफ्टवेअर कंपन्यांची स्क्रीन डिझाइनची कामं हवी आहेत, विशेषतः वेळ राखून ठेवायच्या म्हणजे अपॉइंटमेंट बुकिंगच्या ॲपची. मग 'बुकिंगचे ८ स्क्रीन' असा संच फिग्मा या स्क्रीन डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये करून द्या. तारीख निवडा, वेळ निवडा, नाव भरा, झालं, एवढे चार स्क्रीन कुणीही काढतो. तुमची किंमत ठरते पुढच्या चारांवर: त्या दिवशी एकही वेळ शिल्लक नाही तेव्हा काय दिसतं, आपण पैसे भरत असताना ती वेळ दुसऱ्याने घेतली तर काय दिसतं, बुकिंग पुढे ढकलायचं किंवा रद्द करायचं तर काय, आणि इंटरनेट मध्येच गेलं तर झालेलं बुकिंग झालं की नाही हे माणसाला कसं कळणार. या चार स्क्रीनवर ज्याचं ॲप अडलेलं असतं, त्याला समोरच्याने विचार केलाय हे एका नजरेत कळतं. पोर्टफोलिओतल्या चकचकीत चित्रांना ते जमत नाही.

आणि संचात काय नाही हेही ठरवून सोडा. एकाच ठिकाणी पाच कर्मचारी, प्रत्येकाची वेगळी वेळ, दोन शाखा, सभासदांसाठी वेगळे दर. हे प्रत्येक कंपनीत वेगळं असतं, ते टेम्प्लेटमध्ये बसत नाही, आणि पैशाचं काम नेमकं तिथेच सुरू होतं. मात्र मुद्दाम मोडकं किंवा अर्धवट देऊ नका. ८ स्क्रीन सांगितले तर आठही पूर्ण चालले पाहिजेत. लहान द्या, पण सबंध द्या.

वेळेला आधीच कुंपण घाला. अशा संचाला २५ तास पुरेसे आहेत: ४ तास माहिती गोळा करण्यात, १२ प्रत्यक्ष डिझाइनला, ४ तपासणीला आणि ५ फाइल बांधून तिचं पान तयार करायला. तीस तासांच्या पुढे गेलात तर स्क्रीन कमी करा. तपासणी आणि बांधणीचे शेवटचे ९ तास सगळेच वाचवू बघतात आणि फाइल तिथेच फसते.

फाइल फसते ती इथे

सगळ्यात जास्त तक्रार फॉन्टची येते. तुमच्या मशीनवर फॉन्ट आहे, घेणाऱ्याकडे नाही, आणि उघडताक्षणी सगळी मांडणी विस्कटते. झिपमध्ये फॉन्ट टाकून द्यावा असं वाटतं, पण बहुतेक विकतच्या फॉन्टचं लायसन्स ते करू देत नाही. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखालचे फॉन्ट वापरा; ते लायसन्सच्या मजकुरासह सोबत देता येतात. मॉकअपमधल्या फोटोंनाही हाच नियम. तपासणी आपल्या मशीनवर करूच नका. दुसरा कॉम्प्युटर, नवं कोरं अकाउंट, आणि तिथे पहिल्यापासून उघडून बघा.

दुसरी तक्रार मजकुराची. आपण नमुना म्हणून छोटी, गोंडस नावं भरतो. खऱ्या माणसाचं नाव तीन शब्दांचं असतं. प्रत्येक चौकटीत दुप्पट लांबीचा मजकूर भरून बघा. ऑटो लेआउट (मजकुराप्रमाणे चौकट आपोआप लहान-मोठी करणारी फिग्मातली सोय) नीट लावलेला असेल तर चौकट वाढते, नसेल तर अक्षरं बटणाबाहेर जातात. देवनागरी भरूनही बघा. इंग्रजीसाठी ओळीची उंची १.२ ठेवलेली असते. तिच्यात 'र्कीं'सारख्या अक्षराची वेलांटी, रफार आणि अनुस्वार वरच्या ओळीतल्या उकाराला जाऊन भिडतात. १.५ ते १.६ ठेवली की दोन्ही लिप्या श्वास घेतात. मजकूर आणि मागचा रंग यांतला उठाव (कॉन्ट्रास्ट) मोजा: साध्या मजकुराला किमान ४.५:१, मोठ्या मजकुराला ३:१. हे डब्ल्यूसीएजीचे, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या नियमावलीचे आकडे आहेत आणि जाणती टीम ते तपासतेच.

लेयरची नावं 'रेक्टँगल ४७' अशी राहिली असतील, तर घेणाऱ्याला तुमच्यासोबत काम करणं कसं असेल हे तेवढ्यावरून कळतं. बटण, इनपुट, वेळेचा चौकोन हे सगळं कंपोनंट म्हणून, म्हणजे एकदा बदललं की सगळीकडे बदलणारा तुकडा म्हणून द्या आणि रंग एकाच ठिकाणाहून बदलता येऊ द्या. घेणाऱ्याने आपला ब्रँडचा रंग टाकला आणि ८ स्क्रीन एका क्षणात बदलले, हा तुमचा खरा नमुना.

आयकॉन देत असाल तर २४ बाय २४ च्या चौकटीत काढा, कडेला २ पिक्सेल मोकळे ठेवा, रेघ २ पिक्सेलची. १ पिक्सेलच्या रेघेचा मध्य पूर्ण आकड्यावर आला की ती दोन पिक्सेलांत अर्धी-अर्धी विभागली जाते आणि धूसर दिसते. २ पिक्सेलची रेघ तिथेच स्वच्छ बसते. आयकॉनची एसव्हीजी फाइल (मजकूर म्हणून उघडता येणारं चित्र) काढल्यावर ती एकदा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. त्यात चित्राची चौकट सांगणारा 'व्ह्यूबॉक्स' (viewBox) नसेल तर आयकॉन लहान-मोठा होत नाही. रंगाच्या जागी पक्का आकडा राहिला असेल तर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळा आयकॉन दिसेल. तिथे 'करंटकलर' (currentColor) घाला, म्हणजे आयकॉन आजूबाजूच्या मजकुराचा रंग घेतो.

लायसन्स

लायसन्स न लिहिता फाइल टाकली तर 'घ्या, वापरा' असा अर्थ होत नाही. कॉपीराइट आपोआप तुमच्याकडेच राहतो आणि सावध कंपनी फाइलला हातच लावत नाही. म्हणजे तुम्हाला हवी असलेली गिऱ्हाइकं तिथेच गळतात.

बरेच नवखे क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या तयार लायसन्सांमधलं 'विनाव्यावसायिक' लायसन्स निवडतात, कारण ते सुरक्षित वाटतं. पण तुम्हाला पैसे देऊ शकणारा प्रत्येक जण व्यावसायिकच असतो! सीसी बाय घेतलं तर श्रेय देणं बंधनकारक होतं आणि ॲपच्या स्क्रीनवर तुमचं नाव लावायला कंपनीला जागा नसते. कोडमध्ये जाणाऱ्या आयकॉनना एमआयटी लायसन्स सोयीचं, कारण डेव्हलपर ते ओळखतात. पूर्ण मोकळं सोडायचं तर सीसी झिरो, पण तिथे विचार करून जा. अनस्प्लॅशचे फोटो आधी सीसी झिरोखाली होते. २०१७मध्ये त्यांनी स्वतःचं लायसन्स आणलं, त्यात फोटो तसेच गोळा करून तशीच दुसरी सेवा उभी करायला मनाई केली. सीसी झिरो एकदा दिलं की त्या फाइलपुरतं परत घेता येत नाही. टेम्प्लेटसाठी साध्या भाषेतल्या चार ओळी लिहा: स्वतःच्या आणि क्लायंटच्या कामात वापरा, हवं ते बदला, श्रेय ऐच्छिक, मात्र ही फाइल जशीच्या तशी विकू किंवा पुन्हा वाटू नका.

भेट झाल्यावर

तुमची लिंक तीन जागी हवी: डाउनलोडच्या पानावर, फाइलच्या पहिल्या पानावर आणि झिपमधल्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये. फाइल हातोहात फिरते, पान मागेच राहतं. म्हणून फाइलमधली लिंक सर्वांत महत्त्वाची. तिथे 'फ्रीलान्स कामासाठी उपलब्ध' लिहून काही होत नाही, ते सगळेच लिहितात. असं लिहा: 'या संचात अनेक कर्मचारी आणि शाखांचं वेळापत्रक नाही. तुमच्या ॲपला ते हवं असेल तर इथे लिहा. दोन कामाच्या दिवसांत अंदाज आणि खर्च कळवतो.' वाचणाऱ्याला आपलीच अडचण समोर दिसते.

ईमेल दिल्याशिवाय फाइल मिळणार नाही अशी आडकाठी आम्हाला पटत नाही. त्यातून खोटे पत्तेच जास्त जमा होतात. ईमेलची जागा ऐच्छिक ठेवा आणि देणाऱ्याला नवी आवृत्ती आली की कळवा, तेवढंच.

मग प्रश्न येऊ लागतात आणि इथे तासांची गळती सुरू होते. फाइलमधली चूक असेल तर दुरुस्ती तुमचीच, तीही फुकट, शक्यतो त्याच आठवड्यात. 'हे कसं बदलायचं' हा प्रश्न १० मिनिटांत सुटत असेल तर सोडवा. पण 'आमच्या ॲपमध्ये हे बसवून द्याल का' म्हटल्याबरोबर ते काम झालं. उत्तर असं द्या: 'संच उपयोगी पडला हे वाचून आनंद झाला. तुम्ही म्हणता तो बदल तुमच्या वेळापत्रकाच्या नियमांवर अवलंबून आहे, त्यामुळे ते वेगळं काम होईल. सध्याचे स्क्रीन पाठवलेत तर किती तास लागतील ते उद्या कळवतो.' यात माफी नाही, खुलासा नाही, आणि पुढची पायरी आहे. 'ते फुकट दिलंत, मग याचे पैसे का?' असं कुणी विचारलंच, तर संच सर्वांसाठी एकदाच केला आणि हे फक्त तुमच्यासाठी करायचं आहे, एवढं सांगा. समजणारा समजतो, न समजणाऱ्याकडून पैसे वसूल करणंही पुढे अवघडच गेलं असतं.

आता एकाच माणसासाठी फुकट काम. 'आधी लोगो करून दाखवा, आवडला तर पैसे' या प्रकाराला स्पेक वर्क म्हणतात. १९१४ साली स्थापन झालेली एआयजीए ही अमेरिकेतली डिझायनरांची संस्थाही त्यापासून सावध राहायला सांगते. डिझाइनमधला निम्मा भाग क्लायंटशी बोलून प्रश्न समजून घेण्याचा असतो आणि स्पेकमध्ये तोच गाळलेला असतो. अमेरिकी डिझायनर मिल्टन ग्लेझर यांनी 'आय लव्ह न्यूयॉर्क'चं चिन्ह पैसे न घेता केलं, हा दाखला वारंवार दिला जातो. पण ते १९७० च्या दशकात. तोवर ग्लेझर नामवंत होते, पुश पिन स्टुडिओ उभारून त्यांना वीसेक वर्षं झाली होती. ते आपल्या न्यूयॉर्कसाठी होतं, गिऱ्हाईक मिळवण्यासाठी नव्हतं.

मनापासून पटलेल्या संस्थेसाठी जरूर करा, पण कागद पैशाच्या कामासारखेच ठेवा. काय काय देणार याची यादी, दोन वेळा दुरुस्ती, निर्णय घेणारी एकच व्यक्ती, शेवटची तारीख आणि काम पोर्टफोलिओत दाखवायची लेखी परवानगी. इनव्हॉइसवर पूर्ण रक्कम लिहा, त्याखाली तेवढीच सूट, बाकी शून्य. पुढच्या वेळी दर सांगताना तो आकडा त्यांनी आधी पाहिलेला असतो.

डाउनलोडचा आकडा बघून खूश किंवा नाराज होऊ नका. प्रत्येक लिंकला वेगळी यूटीएम खूण (माणूस कुठून आला ते सांगणारी लिंकमधली शेपटी) लावा आणि चौकशी करणाऱ्याला 'आमच्यापर्यंत कसे पोचलात' हे विचारा. एका साध्या तक्त्यात तीनच रकाने: चौकशा, दिलेली कोटेशन, मिळालेली कामं. समजा १५० जणांनी संच घेतला, त्यातून ४ चौकशा आल्या आणि १ काम मिळालं, तर तो ५,००० डाउनलोड आणि शून्य चौकशी असलेल्या आयकॉन संचापेक्षा कितीतरी चांगला. तीन महिने द्या. चौकशाच आल्या नाहीत तर फाइल चुकीच्या माणसाच्या हाती जातेय, कागदावरची तिसरी ओळ पुन्हा लिहा. चौकशा येतात पण सगळे फुकटच मागतात, तर पहिली ओळ तपासा.

महिन्याला तास-दोन तास देखभालीला ठेवा. ते जमेनासं झालं तर फाइल गुपचूप काढून टाकू नका, कारण जुन्या लिंका कुठे कुठे पोचल्या आहेत हे तुम्हाला ठाऊक नसतं. पानावर 'यात आता बदल होणार नाहीत' असं तारखेसह लिहा, आणि नवा संच तयार असेल तर त्याचा पत्ता त्याच ओळीत द्या.